अर्धी बाई

कशेळे, ८ फेब्रुवारी १९३४

पोचले बाई एकदाची! कर्जत स्टेशनात माझ्या दोन ट्रंका बघून हमालाने विचारलं, लग्नाचं रुखवत घेऊन निघालात की काय. म्हटलं, नाही रे बाबा, पोरांची अक्कल मोजायचं सामान आहे. तो काही हसला नाही. माझा विनोद फुकट गेला.

बंगल्याचा राखणदार धाकलू बैलांची दमणी घेऊन आला होता. उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडलेलं, पण जिभेला हाड म्हणून नाही. कशेळ्यापर्यंत त्याचं तोंड मिटलं तर शपथ! कुठल्या ओढ्याला कोणाची म्हैस वाहून गेली इथपर्यंत सगळं मला आता पाठ आहे. बंगला एका लाकडाच्या ठेकेदाराचा. तो हल्ली इकडे फिरकत नाही, म्हणून आमच्या मंडळाला वापरायला दिलाय. ऐसपैस ओटी, वर कौलं, अंगणात मोहरलेला आंबा. स्वयंपाकाला जिजा म्हणून गावातलीच कुणब्याची बाई आहे. तिने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं आणि मी मुंबई विसरले.

आता कामाचं. मुंबईचं धर्मादाय मंडळ इथे ठाकर जमातीच्या मुलांसाठी शाळा काढायची म्हणतंय. पण आमचे सेक्रेटरी भास्करराव ठोसर यांचं मत असं, की डोंगरातली पोरं शिकण्याजोगीच नसतात, मग शाळा कशाला? मी मीटिंगमध्ये म्हटलं, मत नको, माप घ्या. विलायतेत बुद्धी मोजायच्या चाचण्या आहेत, मी त्या शिकलेय, मराठीत बसवल्यायत. झालं, मलाच पाठवलं. मी मुलं हुशार ठरवली तर शाळा होणार, नाहीतर नाही. आणि होणार म्हणजे होणार. कृष्णा गुप्तेने एकदा मनावर घेतलं की कोणाचं काही चालत नाही, हे ठोसरांना ठाऊक आहे, म्हणूनच ते माझ्यावर जळतात.

१० फेब्रुवारी

वरच्या वाडीतली पोरं आली. नवशा नावाचा ठाकर त्यांना घेऊन आला. त्याची मुलगी चिंधी त्यात आहे, आठेक वर्षांची असेल. दोन डब्यांतला जड कोणता हे ओळखायला दिलं, तर या पोरांनी हातात न घेता नुसतं बोटाने ढकलून सांगितलं. मी मनात म्हटलं, ठोसर, बसा आता बोंबलत.

मग चित्रांची कार्डं बाहेर काढली. ही चाचणी माझी लाडकी. चार कार्डं, चारही कार्डांवर एकच बाई, हिरवं नऊवारी नेसलेली. एका कार्डात तिला एक डोळा नाही, एकात नाक नाही, एकात तोंड नाही, एकात दोन्ही हात नाहीत. काय नाही ते मुलाने सांगायचं, एवढंच. गिरगावात नाटकांचे पडदे रंगवणाऱ्याकडून करून घेतलीत, आणि त्या मेल्याने बाई अशी जिवंत काढलीय की शेजारी राहते असं वाटावं.

पहिलं कार्ड दाखवलं. सगळी पोरं चिडीचूप. पुन्हा विचारलं, खाऊची गोळी दाखवली, तरी नाही. तेवढ्यात चिंधी उठली, तडक स्वयंपाकघरात गेली, तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेऊन आली आणि नसलेल्या जागी तिने सुरेख डोळा काढला. बाकीच्यांनी माना हलवल्या, जसं काही काम झालं. मला हसूच फुटलं. पण नियम तो नियम. उत्तर तोंडाने द्यायला हवं, आणि पुढच्या मुलाला कार्ड कोरंच दिसायला हवं, नाहीतर माप कसलं? मी रबराने डोळा पुसून टाकला.

पुसत होते तेव्हा एक लहानगी रडायला लागली. बाकीची उठली आणि गोळ्या न घेता निघून गेली. माझा सगळा दिवस खराब झाला.

१२ फेब्रुवारी

वाडीवर जाऊन आले. चिंधीची आजी सोमी ही वाडीतल्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे देवा-माणसांची चित्रं, काढते. तिने मला बसायला घोंगडी दिली आणि शांतपणे सांगितलं की या वाडीत चित्रातलं माणूस कधी अर्धं सोडत नाहीत. अर्धं दिसलं तर ज्याला दिसेल त्याने ते पुरं करायचं, पण मुकाट्याने. जे नाही त्याचं नाव त्या चित्रासमोर घ्यायचं नाही. मग तिने विचारलं, पोरीने दिलेला डोळा पुसला कोणी? म्हटलं, मीच. तिने चिंधीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून पदर घेतला.

“अर्धी बाय तशी ठेवू नाय. तुमी दिल्यालं काडून घेतलंत. आता जो नाव घील, त्याचं ती नेल.”

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? कार्डं सगळी भरून टाकू द्या म्हणाली, ते मात्र मी साफ नाकारलं. ती कार्डं साऱ्या जिल्ह्यात वापरायचीत. नवशा माझ्या बाजूने होता. त्याला पोरगी शिकायला हवीय. सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचणारं एक तरी माणूस घरात हवं, असं तो आईला ओरडून सांगत होता. मला त्याचं फार बरं वाटलं. चिंधी तर येताना उतारभर माझं बोट धरून होती.

१४ फेब्रुवारी

आज पोरं पुन्हा आली, पण चिंधीने घोळ घातला. मी पाण्याला आत गेले तेवढ्यात तिने चारही कार्डांवर काजळी फिरवली. डोळा, नाक, तोंड, हात, सगळं पुरं! हातांत बांगड्यासुद्धा. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. सगळं पुसलं. हात पुसताना रबर झिजून निम्मं झालं.

मग पहिलं कार्ड पुन्हा धरलं, तर ओटीवर विडी ओढत बसलेल्या धाकलूने मोठ्याने सांगून टाकलं.

“अवो, डोळा नाय तिला! एवडं बी कळंना व्हय रं पोरांनो?”

त्याला हाकललं. दुपारी चिंधीला एकटीला बसवून तोंडाने सांगायची सवय लावली. चित्रं नाहीत, साध्या वस्तू. झाकण नसलेला डबा, दांडा नसलेली कुऱ्हाड. काय नाही? झाकण नाही! दांडा नाही! एकदा तिला कळलं की बोललं की गोळी मिळते आणि बाई खूश होतात, मग काय, पोपटासारखी बोलायला लागली. स्वतःचा मोठा आवाज तिला इतका आवडला की घरी जाताना ती वाटेतल्या झाडांनासुद्धा विचारत गेली.

१५ फेब्रुवारी

काय लिहू?

भर दुपारी धाकलू ओटीवर आडवा झाला होता. त्याची किंकाळी ऐकून मी आणि जिजा धावलो. उजव्या डोळ्याच्या जागी नुसता खळगा, आणि रक्त पार पायरीपर्यंत. तो दोन्ही हातांनी चेहरा चाचपत होता आणि सांगत होता की हिरव्या लुगड्यातली बाई आली, शेजारी बसली आणि वाकून आपला चेहरा त्याच्या चेहऱ्यावर दाबून धरला. उठली तेव्हा डोळा तिच्यासोबत गेला. नवशाने त्याला दमणीत घालून कर्जतच्या दवाखान्याकडे नेलं, पण तो वाटेतच गेला.

लोक म्हणतात बिबट्या. मीही बिबट्याच म्हणते. पण मी कार्ड बघितलं. बाईला दोन डोळे आहेत. उजव्यात पांढरं फूल आहे.

१७ फेब्रुवारी

ठोसर आले. मी त्यांना कार्ड दाखवलं आणि धाकलूचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, कृष्णाबाई, तुम्हाला इथली हवा बाधली, चित्रकाराने रंगवलेला डोळा तुम्ही आता बघताय. इतकं हसले की मलाच माझी लाज वाटली. लाज वाटायला नको होती. पण वाटली, आणि मी कार्डं मांडली.

चिंधी समोर बसली. आजीने दम दिला असावा, ओठ घट्ट मिटलेले. ठोसर खुर्चीवरून वाकले आणि कार्डावर बोट आपटून म्हणाले, नाक! नाक नाही हिला, एवढं गाढवालाही कळेल. मला असा राग आला! पोरीला हुरूप यावा म्हणून पुढचं कार्ड मी स्वतःच सांगितलं. म्हटलं, बघ बाळ, सोपं आहे, हिला तोंड नाही.

माझ्याच तोंडाने.

चौथं कार्ड राहिलं, कारण नवशाने पोरीला उचललं. ठोसरांनी नवशाला आणि चिंधीला दोघांना बजावलं की या चौथ्या कार्डात काय नाही ते मुलीने मोठ्याने सांगितलं, तर ती शिकण्याजोगी ठरली, शाळा मंजूर आणि तिला कर्जतला बोर्डिंगात घेतील. नाही सांगितलं तर हा विषय संपला. बापाच्या कडेवरून चिंधीने मागे वळून माझ्याकडे बघितलं. उत्तर तिला माहीत आहे. ते हात तिनेच काढले होते.

१८ फेब्रुवारी

ठोसर मेले.

सकाळी उन्हं वर आल्यावर नवशा त्यांना स्टेशनवर पोचवायला निघाला. कर्जतच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध ती उभी होती. बैल बुजून दमणी कलली, ठोसर खाली पडले, आणि ती त्यांच्यावर वाकली. नवशा म्हणतो, नाक सुटत नव्हतं. तिने मान हिसडली. एकदा नाही, कितीदा तरी. नाकाबरोबर गालाचं मांसही आलं. ते ओरडत होते आणि पायाने माती उकरत होते. नवशाने बांबू हाणला, तो तिच्यातून गेला.

सदरा रक्ताने भिजलेला, अशा अंगानेच तो मला सांगायला धावत आला. आणि त्या सदऱ्यामुळेच कर्जतहून माग काढत आलेल्या फौजदाराने त्याला धरलं. माझ्यासमोर, माझ्या अंगणात, बंदुकीच्या दस्त्याने त्याचे दात पाडले. मी मध्ये पडले तर मला ढकलून दिलं. चिंधी आंब्याखाली उभी राहून हे सगळं बघत होती.

मी उद्या कर्जतला जाऊन जबानी देणार आहे. माझ्या बोलण्यावर नवशाची मान आहे.

१९ फेब्रुवारी

गाडी मिळत नाही. कोणी यायला तयार नाही. पायी निघाले तर जिजाने पाय धरले, दुपार होईल, दुपारी उघड्यावर नको.

सोमी पीठ घेऊन आली. तिने चौथ्या कार्डावर हात काढायचा प्रयत्न केला. पीठ धरत नाही, सांडून जातं. काजळी लावली, तीही गळली. मी इतकं घासलं होतं. सोमीने सांडलेलं पीठ पदराने गोळा केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कार्डं चुलीत घातली. जळली. त्याने काय होणार, ती आता कार्डात थोडीच आहे.

मला भीती वाटते. फार भीती वाटते. मी तोंड म्हटलं होतं.

२१ फेब्रुवारी

जिजाने फडकं बांधलंय. कागद ओला होतो, रक्त थांबत नाही.

काल दुपारी. स्वयंपाकघरात. चुलीजवळ. ती दारातून आत आली, उंबऱ्यात बसलेल्या जिजाला ओलांडून. नाकाखाली चेहऱ्याला काही नव्हतं, नुसतं सपाट. ते सपाट माझ्या तोंडावर टेकवलं. गार. ओल्या मातीसारखं. मग मागे ओढलं —

ओठ गेले. जीभ मुळासकट. पुढचे दात. मी तिच्या छातीवर बुक्क्या मारल्या, त्या तिच्यातून गेल्या, तिला हात नाहीत, मला धरायलाही नाहीत, तरी सुटता आलं नाही.

जाताना हसली. माझ्याच दातांनी.

आता जबानी कशी देऊ? लिहून दिली तरी कर्जतला नेणार कोण? नवशा —

२२ फेब्रुवारी

चिंधी आली. आजीला चुकवून. म्हणते, बाई, चौथं कार्ड आणा, मी सांगते, मग शाळा होईल, मग बा सुटेल. कोणी सांगितलं तिला बा सुटेल म्हणून? कोणी नाही. तिनेच जोडलं. इतकी हुशार पोरगी.

मी हात हलवले, मान हलवली. तिला वाटलं मला दुखतंय, म्हणून तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात — दोन छोटे हात, कोपरापर्यंत काजळी —

पाटीवर मोठ्ठं लिहिलं, बोलू नकोस. तिने अक्षरांवर बोट फिरवलं. हौसेने. विचारलं, यात माजं नाव कुटं हाय?

वाचता येत नाही तिला. अजून शाळाच झालेली नाही.

जिजाने ओढत वाडीवर नेलं. सोमी तिच्या तोंडाला कापड बांधणार. बांधून ठेव गं बाई, घट्ट बांध.

२३ फेब्रुवारी

दुपार. जिजा अजून आलेली नाही.

ती आलीय.

टेबलापाशी बसलीय, समोरच्या खुर्चीवर, जिथे मी पोरांना बसवते. धाकलूचा डोळा. ठोसरांचं नाक, चष्म्याचे वण अजून आहेत. माझं तोंड. खांद्यापासून खाली काही नाही, लुगड्याचा काठ नुसता लोंबतो. माझ्याकडे बघत नाही. दाराकडे बघते. वाट बघते.

उठायला गेले, पाय उचलत नाहीत. वही तेवढी हाताशी —

बोलली. माझा आवाज. माझाच, पोरांशी बोलते तो, लाडका. बघ बाळ, या बाईला काय नाही?

उतारावर पावलं. धावत —

चिंधी. कापड गळ्यात आलंय. दारात उभी. आवाज ऐकून आली, म्हणते, बाई, बऱ्या झालात? उन्हातून आलीय, आतल्या अंधारात तिला ती मीच वाटते. हसतेय पोरगी. मी टेबल बडवते, घशातून नुसती घरघर —

पुन्हा विचारलं. सांग बाळ. काय नाही? सांगितलंस की शाळा.

चिंधीने बघितलं. खांदे बघितले. घाबरली. पण उत्तर येतंय तिला, मी शिकवलंय, श्वास घेतला, तोंड उघड —

हात. हात नाहीत तुला. मी सांगते. मी आधी. हे बघ लिहिलं. माझे घे.

वही वर धरली होती. तिने वाचलं. माझ्या ओठांनी, मोठ्याने. हात. माझे घे.

चिंधीने तोंड मिटलं. देवा, मिटलं. पोरी पळ, आजीकडे पळ, मागे बघू नको — पळाली — अंगण — आंब्यापाशी — दिसत नाही आता —

उठली. टेबलाला वळसा घालून येते. नवशाने मारलं नाही, ठोसरांना हिने मारलं, मी कृष्णा गुप्ते लिहून देते, फौजदाराला हे दाखवा, नवशा निर्दो — शेजारी बसली. खांद्याला खांदा लावते. डावा आधी. गार आहे — डावा गेला — अजून लिहिता येतं, नवशाला सोडा, पोरीला शा